ऊती कुणाच्या, औषध कुणाचे?

रुग्णाच्या आतड्यातून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढायचा, त्यातील मूळ पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या, त्यांपासून आतड्याची सूक्ष्म प्रतिकृती करायची आणि औषध आधी तिच्यावर चालवून बघायचे. ही कल्पित कथा नव्हे. नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने २००९ साली उंदराच्या आणि २०११ साली माणसाच्या आतड्याची अशी प्रतिकृती वाढवली. तिला ऑर्गनॉइड म्हणतात.

तिचा सर्वांत चांगला उपयोग सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात झाला. या आजारात पेशीतून क्षार व पाणी नीट बाहेर पडत नाही, कफ घट्ट होतो, फुप्फुसे निकामी होत जातात. चाचणी साधी आहे. निरोगी माणसाच्या ऑर्गनॉइडला एक विशिष्ट रसायन दिले की त्यात पाणी भरून तो फुगतो. रुग्णाचा फुगत नाही. औषध घातल्यावर फुगला, तर ते औषध त्या रुग्णाला लागू पडण्याची शक्यता मोठी. ज्यांचा जनुकीय दोष इतका दुर्मीळ की औषधाची नेहमीची मोठी चाचणी घ्यायला माणसेच पुरणार नाहीत, अशा काही रुग्णांना या आधारावर औषध दिले गेले आणि गुण आला.

आम्ही या विज्ञानाचे स्वागत करतो, आणि त्याला कारण आहे. औषधे आजवर 'सरासरी माणसा'साठी बनली. हा सरासरी माणूस कोण? २०१६ साली झालेल्या मोजणीत जगातील जनुकीय अभ्यासांत सामील झालेल्यांपैकी ८१ टक्के लोक युरोपीय वंशाचे निघाले! ज्यांची गणतीच झाली नाही, त्यांना स्वतःच्या ऊतीची साक्ष काढणारे हे तंत्र सर्वांत जास्त उपयोगाचे.

परंतु घडते काय? सिस्टिक फायब्रोसिस हा गोऱ्यांचा आजार, असे आपल्याकडचे डॉक्टरही वर्षानुवर्षे समजत होते. मुले न्यूमोनिया किंवा क्षयाच्या नावाखाली दगावली. २०१९ साली अमेरिकेत ट्रायकाफ्टा हे औषध मंजूर झाले, तेव्हा त्याची वर्षाची किंमत ३ लाख ११ हजार डॉलर होती आणि मंजुरी युरोपीयांत सर्वाधिक आढळणाऱ्या दोषापुरती होती. भारतीय रुग्णांत त्या दोषाचे प्रमाण बरेच कमी. म्हणजे औषध परवडत नाही ते नाहीच, वर ते आपल्याला चालेल की नाही हे विचारण्याचीही कुणाला निकड नव्हती.

दुसरी बाजू याहून कडू आहे. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतील पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्या पेशींवर जगभर संशोधन झाले, कंपन्यांनी त्या विकल्या. कुटुंबाला वीस वर्षे पत्ता नव्हता. एका कंपनीने वारसांशी तडजोड केली ती २०२३ साली! गरिबाचे शरीर घेताना विज्ञानाला कधी अडचण आली नाही. अडचण येते ती हिशेब देताना.

त्याच २०२३ साली भारत सरकारने औषध चाचणीचे नियम बदलून प्राण्यांऐवजी ऑर्गनॉइडवरील चाचण्यांना वाट मोकळी केली. तेव्हा इथेही मानवी ऊती लागणार. कुणाच्या? त्याच वर्षी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे तिचे लक्ष्य आहे आणि विदर्भात हा आजार प्रामुख्याने आदिवासी व नवबौद्ध घरांत आहे. तपासणी हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण रक्ताच्या पेशींपासूनही आता मूळ पेशी बनवता येतात. म्हणून उरलेले रक्त कोण ठेवणार, किती वर्षे ठेवणार, त्यातून काही वाढवले तर त्यावर हक्क कुणाचा, हे संमतिपत्रावर लिहिलेले असले पाहिजे. आणि ते इंग्रजीत छापून अंगठा घेण्यापुरते नव्हे. गडचिरोलीत गोंडीत, मेळघाटात कोरकूत वाचून दाखवल्याशिवाय सुई टोचू नये.