बेकार कोण?

लूमचे खाते बंद पडले की भेस्तानच्या खोलीत नवरा बेकार होतो आणि बायकोचे काम वाढते! खानदेशातून जळगाव-उधना लोहमार्गाने आलेली मराठी कुटुंबे सुरतेच्या या भागात कापडावर जगतात. पुरुष मागावर उभा राहतो. साडीला टिकल्या चिकटविण्याचे, धागे कापण्याचे काम नगावर घरी येते, ते बाई उरकते. मंदी आली की उसनवार तिनेच करावयाची, नगाचा दर पडला तर चार नग जास्त तिनेच काढावयाचे. तरीही हळहळ होते ती नवऱ्याची. हा कुठला न्याय?

ऑस्ट्रियातील मारिएन्टाल गावची कापडगिरणी अशीच बंद पडली होती. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी त्या गावाची पाहणी 1933 साली प्रसिद्ध केली. त्यांनी घड्याळ लावून रस्त्यावरील माणसांची चाल मोजली. पुरुष रेंगाळत, जागोजागी थांबत. बाया झपझप जात. गिरणी थंड झाली होती, चूल नव्हे, हेच त्याचे इंगित! आलिया हमीद राव या समाजशास्त्रज्ञ विदुषीने 2020 सालच्या ग्रंथात अमेरिकेतील सुशिक्षित घरांचे चित्र रेखाटले. नवऱ्याची नोकरी गेली की सारे घर तिच्या शोधाला जुंपते. बायकोची गेली की तिचा शोध घरकामात विरतो.

आमच्याकडे निराळे काय आहे? केंद्र सरकारच्या 2024 च्या पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात रोज सरासरी 289 मिनिटे जातात. त्याला हात लावणाऱ्या पुरुषांची 88. पण श्रमिकांच्या गणतीत केवळ घरकाम करणारी बाई ना कामगार, ना बेकार! नगावर राबणारीही ‘मी घरीच असते’ म्हणाली की गणतीतून निसटली.

घरी बसून मजुरी करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने 1996 साली 177 क्रमांकाचा करार केला. भारताने त्यास मान्यता दिलेली नाही. ती द्यावी. नगाचा दर ठरावा, हिशेब लेखी असावा आणि घरी काम धाडणारा ‘दलाल’ नव्हे, मालक म्हणून जबाबदार धरला जावा, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

आणि भेस्तानच्या आमच्या गड्यांनो, एक गोष्ट सरकारकडे मागावी लागत नाही. माग बंद आहे तोवर पाण्याचा हंडा तरी उचला. त्याने पुरुषार्थाला बट्टा लागत नाही. बायकोच्या घामावर जगून ‘मीच एकटा बेकार’ म्हणण्याने मात्र खास लागतो!