झाले गेले गंगेला मिळाले?

सणासुदीला घरोघरी एक वाक्य हटकून ऐकू येते: ‘झाले गेले गंगेला मिळाले!’ बोलणारा बहुधा तोच असतो, ज्याचे काहीच गेलेले नसते. मी ख्रिस्ती आहे. आमच्या देवळांतून हाच उपदेश ‘क्षमा करा’ या शब्दांत होतो, आणि तो मार खाणाऱ्यालाच होतो. या सोयीस्कर क्षमेविरुद्ध माझी तक्रार आहे.

मीही या दोषातून सुटलेलो नाही. मामांनी मावशीचा वाटा गिळला, तेव्हा नाताळात मी तिला क्षमेचे पुण्य सांगितले. ती एवढेच म्हणाली, “अरे, ते मागायला तर येऊ देत!” मी गप्प झालो.

क्षमेचा हिशेब ठेवू नये, ही मत्तयाच्या १८ व्या अध्यायातील आज्ञा आम्हांस पाठ असते. पण त्याच अध्यायात, तिच्याही आधी, अपराधी भावाकडे जाऊन त्याचा दोष त्याच्या पदरात घालावा, असे येशू सांगतो. ते मात्र आमच्या प्रवचनांतून नेमके गळते!

मग सूड घ्यावा काय? मुळीच नाही. सुडाने जखम चिघळते. पण पू न काढता पट्टी बांधली तरी ती चिघळतेच. पुनरुत्थित ख्रिस्तानेसुद्धा आपले व्रण झाकले नाहीत; थोमाला ते दाखवले.

१९९९ च्या जानेवारीत ओरिसातील मनोहरपूर गावी ग्रॅहॅम स्टेन्स व त्यांचे १० आणि ६ वर्षांचे दोन मुलगे यांना गाडीत जिवंत जाळण्यात आले. पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि बारीपदा येथील कुष्ठरोग्यांची सेवा पुढे चालवली. पण त्या क्षमेने खटला थांबला नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. क्षमा बाईंची होती, न्याय समाजाचा होता. एकाने दुसऱ्याची जागा घेतली नाही.

म्हणून यंदा उपदेशाचे तोंड मी फिरवू इच्छितो. ज्याने दुखवले, त्याने फराळाचा डबा घेऊन जाण्याआधी आपली चूक कबूल करावी. जकातदार जक्कयाने लुबाडलेले चौपट परत करण्याची तयारी दाखवली होती. आपण निदान घेतले तेवढे तरी द्यावे. गंगेला काय सोडायचे, ते मग मावशी ठरवील.