ओळखावें कीं आठवावें?

घरांतील वडील मंडळींच्या हातीं नवा मोबाईल आला, कीं थोड्याच दिवसांत एक वाक्य ऐकूं येतें : “आम्हांला आतां हें जमायचें नाहीं.” दोष यंत्राच्या मांडणीचाही असूं शकेल, ही शंका त्यांच्या मनास शिवत नाहीं. ती शिवावी, एवढ्यासाठींच आजचा हा प्रपंच.

आपल्या तर्कशास्त्रांत स्मृति आणि प्रत्यभिज्ञा असा भेद केलेला आहे. वस्तु समोर नसतां मनांत उरलेल्या ठशावरून तिचें ज्ञान होणें ही स्मृति; समोर दिसतांच ‘तोच हा’ अशी ओळख पटणें ही प्रत्यभिज्ञा. वीस वर्षांनीं भेटलेल्या विद्यार्थ्याचें नांव आठवत नाहीं, पण चेहरा तत्काळ ओळखूं येतो. आठवणें कष्टाचें, ओळखणें सुलभ.

संगणकाच्या इतिहासांत हाच भेद निर्णायक ठरला. १९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीचा पर्सनल कॉम्प्युटर निघाला. त्यावरील डॉस या प्रणालींत प्रत्येक आज्ञा बिनचूक टाईप करावी लागे; आज्ञा पाठ नसेल तर यंत्र ढिम्म हालत नसे. सारा भार स्मृतीवर! त्याच वर्षीं झेरॉक्स कंपनीनें ‘स्टार’ हा संगणक विक्रीस काढला. त्याच्या पडद्यावर कागद, फायली, छपाईयंत्र यांचीं चित्रें असत. माऊसनें हवें तें चित्र निवडावें, कीं काम सुरू. तो फार महाग असल्यामुळें खपला नाहीं. परंतु १९८४ सालीं ॲपलच्या मॅकिन्टॉशनें तीच रीति घरोघरच्या टेबलांकडे वळविली. पुढें १९९४ सालीं जेकब नील्सन यांनीं अशा मांडणीचीं दहा तत्त्वें सांगितलीं. वापरणाऱ्यास आठवावयास लावूं नये, ओळखूं द्यावें, हें त्यांतील एक. आणि भलत्या जागीं गेलेल्यास परतीची वाट स्पष्ट दिसावी, हें दुसरें.

मात्र पुढें वारें उलट वाहूं लागलें. २०१७ सालच्या आयफोन टेनमध्यें पडद्याखालची गोल कळ नाहींशी झाली. मूळ पानावर येण्यास तळापासून बोट वर सरकवावें लागतें. तळाशीं एक बारीक रेघ असते खरी, पण काय करावयाचें तें ती सांगत नाहीं. पडदा मोठा झाला, स्मृतीवरील भारही वाढला. तरुणांचीही यांतून सुटका नाहीं. ‘जतन करा’ याची खूण म्हणून पुष्कळ ठिकाणीं अजून फ्लॉपीचें चित्र असतें. जिनें फ्लॉपी पाहिलीच नाहीं, त्या पिढीनें ओळखावें कसें? तिलाही तें पाठच करावें लागतें.

याचा परिणाम लहान नाहीं. अडलेले आजोबा मोबाईल दुसऱ्याच्या हातीं देतात, आणि त्याबरोबर बँकेचा गुप्त क्रमांकही. जन्मभर स्वतःचा हिशेब स्वतः ठेवणारा मनुष्य असा परावलंबी होतो.

वर्गांतील सारीं मुलें एकाच प्रश्नाशीं अडलीं, तर शहाणा शिक्षक प्रश्नच तपासून पाहतो. चांगले रचनाकारही हेंच करतात : सामान्य मनुष्यास एखादें काम सांगून आपण गप्प बसतात, आणि त्याचा हात कोठें थबकतो तें पाहतात.

घरच्या तरुणांनींही हेंच करावें. “द्या इकडे” म्हणून मोबाईल ओढून घेऊं नये. वडिलांच्याच हातून काम करवावें, अक्षरें मोठीं करून द्यावीं, पायऱ्या वहींत लिहून द्याव्या. गुप्त क्रमांक मात्र लिहूं नये. आणि वडिलांनीं “मला जमत नाहीं” असें म्हणण्यापूर्वीं “येथें तें दाखविलें आहे काय?” असा प्रश्न अवश्य विचारावा.