पॅनेल नवं, क्लच जुना

गेल्या महिन्यात भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये गेलो होतो. मालकांनी आग्रहाने बोलावलं होतं. त्यांच्या जुन्या ६३ टनी पॉवर प्रेसचं रेट्रोफिटिंग नुकतंच पुरं झालं होतं. ताजा पोपटी रंग, टचस्क्रीनचं पॅनेल, नवी मोटर आणि डायच्या दोन्ही बाजूंना पिवळे खांब, म्हणजे लाइट कर्टन. हात आत गेला की प्रेस जागच्या जागी थांबते, असं मालक सांगत होते. मी ऑपरेटरला हात मागे घेऊन पेडल मारायला सांगितलं आणि रॅम खाली निघताक्षणी लाकडाची एक लांब पट्टी खांबांमधल्या किरणांत सरकवली. लाल दिवा लागला, बझर वाजला, मोटरचा कॉन्टॅक्टर पडल्याचा आवाजही आला. रॅम मात्र तसाच खाली आला, पट्टीचे दोन तुकडे केले आणि वर गेला. कुणीच काही बोललं नाही.

वायरिंगमध्ये चूक नव्हती. ती प्रेस की-क्लचची आहे. पेडल दाबलं की क्लचची चावी फिरून फ्लायव्हीलच्या खाचेत अडकते, फ्लायव्हील आणि क्रँकशाफ्ट एक होतात, आणि पूर्ण फेरा होऊन रॅम माथ्यावर येईपर्यंत ती चावी सुटत नाही. मोटर बंद करा, मेन स्विच पाडा, फ्लायव्हीलमधला जोर फेरा पुरा करतोच. मिनिटाला ६० स्ट्रोकची प्रेस असेल तर रॅम खाली यायला अर्धा सेकंद लागतो. हात सेकंदाला २ मीटर वेगाने जातो, असं सुरक्षेच्या हिशेबात धरतात. म्हणजे तेवढ्या वेळात तो १ मीटर आत जाऊ शकतो. पूर्ण फेऱ्याच्या क्लचवर असे सेन्सर संरक्षण म्हणून वापरायला अमेरिकी कामगार-सुरक्षा नियमांतल्या १९१०.२१७ या कलमात मनाई आहे, ती याच कारणाने.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते खांबाला टांगलेल्या चिमट्याने. कर्टन लागण्याआधी ऑपरेटर जॉब चिमट्याने ठेवत होता. कर्टन लागल्यावर त्याने चिमटा टांगून ठेवला आणि हाताने काम सुरू केलं. त्याचा यात काय दोष? मशीन सुरक्षित झालं, असं त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं.

जुनी यंत्रं भंगारात काढू नका, हे आम्ही या पानावर पुनःपुन्हा लिहीत आलो आहोत, आणि या प्रसंगाने ते मत बदललेलं नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची बिडाची जाड फ्रेम चांगली असेल, तर ती मोडीत घालणं म्हणजे पैशाची आणि लोखंडाची नासाडी आहे. ओतकामातले ताण एवढ्या वर्षांत काहीसे निवलेले असतात. पण फ्रेम चांगली आहे, हे आधी तपासा तरी. सी-फ्रेमच्या थ्रोटच्या कोपऱ्यात डाय पेनिट्रंट मारून तडा आहे का बघा. रॅमला डायल लावून तो बेडशी समांतर आहे का, गिबमध्ये किती ढिलाई आहे, क्रँकचे बुश किती झिजलेत, हे मोजा. एका दिवसाचं काम आहे. थ्रोटमध्ये तडा निघाला तर त्या प्रेसवर रंगाचाही खर्च करू नका.

फ्रेम पास झाली की पहिला पैसा क्लच आणि ब्रेकवर जायला हवा. हवेवर चालणारा फ्रिक्शन क्लच-ब्रेक बसवला तरच प्रेस स्ट्रोकच्या मध्ये थांबू शकते. त्याला एकेरी सोलेनॉइड व्हॉल्व्ह चालत नाही. तो अडकला की हवा बाहेर पडत नाही आणि क्लच लागलेलाच राहतो. एकमेकांवर लक्ष ठेवणारा दुहेरी प्रेस व्हॉल्व्हच हवा. थांबण्याचा सिग्नलही साध्या पीएलसीतून फिरवू नका, तो सेफ्टी रिलेतून न्या.

यानंतर कर्टनची पाळी येते. ते डायपासून किती लांब लावायचं, हे प्रेसच्या थांबण्याच्या वेळेवर ठरतं. १४ मिमीपर्यंतची वस्तू पकडणारं कर्टन असेल, तर तो वेळ गुणिले सेकंदाला २,००० मिमी, हा हिशेब. पूर्ण यंत्रणेला ०.१५ सेकंद लागत असतील तर ३०० मिमी. वर्षभराने ब्रेकचे लायनर झिजून वेळ ०.२२ सेकंदांवर गेला तर ४४० मिमी. खांब मात्र पहिल्याच जागी उभे असतात. कमिशनिंगच्या दिवशी मोजलं आणि फाइल बंद केली, असं करून भागत नाही.

लहान प्रेसवर क्लच-ब्रेकचं हे परिवर्तन प्रत्येक वेळी जमत नाही. क्रँकशाफ्टच्या टोकाला जागा नसते, किंवा खर्च परवडत नाही. तिथे डायभोवती बोट शिरणार नाही असं पक्कं गार्ड, जॉब सरकवायला च्यूट आणि बाहेर काढायला इजेक्टर, एवढंच करा. दिसायला साधं आहे, पण हात आत जायची गरजच उरत नाही. टचस्क्रीन नसलेलं हे रेट्रोफिटिंग मला त्या पोपटी प्रेसपेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

हलत्या भागांना कुंपण घाला, हे १९४८च्या कारखाना कायद्याच्या २१व्या कलमाने सांगून किती काळ लोटला! त्याच्याही आधीच्या, १९२३च्या कामगार भरपाई कायद्याच्या अनुसूचीत अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के आणि पूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के घटली, असं धरलं होतं. हे आकडे मी अनेकदा वाचले आहेत. ज्याची तर्जनी गेली त्याला शर्टाचं बटण लावताना पाहिलं आहे, आणि त्या १४ टक्क्यांचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

रेट्रोफिटिंग करणाऱ्या मित्रांना एक विनंती. कोटेशनच्या पहिल्या ओळीत क्लचचा प्रकार लिहा, दुसऱ्या ओळीत थांबण्याचा मोजलेला वेळ. की-क्लचच्या प्रेसला कर्टन मागणारं गिऱ्हाईक आलं तर ती ऑर्डर सोडा. दुसरा कुणीतरी घेईल, हे मलाही कळतं. तरी सोडा.

त्या मालकांनी त्याच संध्याकाळी कर्टनचे खांब उतरवले आणि डायपुढे जाळीचं गार्ड बसवलं. फ्रिक्शन क्लच बसवण्यासाठी क्रँकशाफ्ट आता मशीनिंगला गेला आहे. प्रेस पुन्हा उभी राहिली की थांबण्याचा वेळ मोजायला त्यांनी मला बोलावलं आहे. तो आकडा आणि तारीख फ्रेमवर ऑइल पेंटने लिहायची, असं आमचं ठरलं आहे. शेजारी पुढच्या तपासण्यांसाठी जागाही मोकळी ठेवणार आहोत.