‘टायर फुटला’ एवढ्यावर चौकशी संपते काय?

अपघाताच्या वृत्तात ‘टायर फुटल्याने’ हे शब्द आले की वाचक पुढील मजकुराकडे वळतो. टायर फुटला म्हणजे दैव फिरले, दोष कोणाचाच नाही, असा त्याचा अर्थ रूढ झाला आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटेपूर्वी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजानजीक खासगी बस उलटून पेटली व २५ प्रवासी मृत्युमुखी पडले, तेव्हाही प्रथम हेच कारण पुढे करण्यात आले. परिवहन विभागाच्या अहवालाने मात्र टायर फुटल्याची शक्यता फेटाळली. टायर निर्दोष असता त्याच्यावर खापर फुटते आणि दोषी असता त्याच्यामागचा माणूस सुटतो. दोन्ही गोष्टी आपल्या अंगवळणी पडल्या आहेत.

हाच महामार्ग ५ जून २०२५ रोजी भिवंडी तालुक्यातील आमणेपर्यंत खुला झाला आणि हा प्रश्न भिवंडीकरांच्या उंबरठ्याशी आला. अंजूरफाटा, कशेळी, राजनोली या भागांत गोदामांच्या अवजड वाहनांमागे रखडत, खड्ड्यांत आपटत चालणारी मोटार झिजलेल्या टायरवरही दिवस ढकलते. तीच मोटार आमणेहून महामार्गावर चढली की ताशी १२० किलोमीटर वेगाची तिला मुभा असते.

यंत्रमागाच्या गावाला धाग्याचे महत्त्व सांगावयास नको. टायर रबराचा दिसला, तरी भार पेलतात ते त्याच्या आतील धाग्यांचे व पोलादी तारांचे थर. हवा कमी असेल तर टायर प्रत्येक फेऱ्यास अधिक चेपतो, त्यातून उष्णता साचते आणि वेग वाढला की हे थर एकमेकांपासून सुटू लागतात. खड्ड्याच्या आघाताने बाजूच्या भिंतीवर टेंगूळ आले असेल, तर आतील धागा आधीच तुटला आहे असे समजावे. तो टायर अन्यथा नवा असला तरी बदललाच पाहिजे.

नव्या मोटारींत हवा कमी झाल्यास दिवा लागतो, म्हणून अनेक मालक निर्धास्त असतात. त्या दिव्याला हवेचा दाब कळतो. झीज कळत नाही आणि टेंगूळही दिसत नाही. अशा यंत्रणेबरोबर पंक्चर दुरुस्तीचा संच असल्यास स्टेपनीशिवाय मोटार विकण्यास २०२० पासून नियमाने मुभा आहे. पण बाजूची भिंत चिरली तर तो संच निरुपयोगी. वस्तुतः पाहणीला पाच मिनिटे पुरतात. नक्षीच्या खाचांच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे असतात; नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायरचे आयुष्य संपले. मधोमध झीज असेल तर हवा जास्त, दोन्ही कडांना असेल तर कमी, एकाच कडेला असेल तर चाकांचे अलाइनमेंट बिघडलेले. दाब मोजावा तो सकाळी, गाडी चालविण्यापूर्वी, आणि किती असावा हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीत पाहावे. पंपावरील मुलाच्या अंदाजावर सोडू नये.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ९४ नुसार मोटारीच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर, दुचाकी व रिक्षाची ०.८ मिलिमीटर असावी लागते. नियम आहे, परंतु तो पाहतो कोण? खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी होते. त्या काळात तिचा धूर ठरावीक मुदतीने तपासला जातो, टायर नव्हे. शाळेच्या व्हॅनला योग्यता प्रमाणपत्र लागते हे खरे. पण वर्षा-दोन वर्षांतील एका दिवसाची ती परीक्षा. त्या दिवसापुरते उसने टायर चढविणे अशक्य नाही.

२०२३ मध्ये परिवहन विभागाने समृद्धीच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासून गोटा झालेल्या टायरांच्या गाड्या माघारी धाडल्या होत्या. आमणे येथे अशी तपासणी बारा महिने चालली पाहिजे. मोठ्या अपघातानंतरच्या पंधरवड्यापुरती नको. शाळांनीही सरकारी यंत्रणेची वाट पाहू नये. जूनमध्ये शाळा आणि पाऊस एकदमच सुरू होतात. ओल्या रस्त्यावर पाणी बाजूला सारण्याचे काम याच खाचा करतात. पहिल्याच पालकसभेत शिक्षकांनी व्हॅनचालकांना गाड्यांसह बोलवावे आणि पालकांदेखत खाचा पाहाव्यात. खर्च काहीच नाही, आणि एखाद्या चालकाने गाडी आणण्यास टाळाटाळ केली तर पालकांना जे कळायचे ते कळेल.