तंदूर विझवा, पण कुणाच्या खर्चाने?



घोडपदेवच्या गल्लीतले साधे उत्तर हिंदुस्थानी हॉटेल कसे असते, हे गिरणगावाला सांगायला नको. चार बाकडी, दारातच धगधगता तंदूर, डाळ, आलू-मटर, गरम रोटी आणि वर कांदा-मिरची. हातगाडीवाला, हमाल, टॅक्सीवाला, रात्रपाळीचा वॉचमन आणि बायको गावी असलेला एकटा म्हातारा गिरणी कामगार, सारे एकाच बाकावर बसून जेवतात. ही चैन नव्हे, ही खानावळ आहे!

या तंदुरावर २०२५ साली गदा आली. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई हायकोर्टाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बंद करून स्वच्छ इंधन वापरा, असा हुकूम बेकऱ्यांना दिला. मागोमाग महापालिकेने हॉटेलांच्या कोळशाच्या तंदुरांनाही नोटिसा धाडल्या. मुदत होती ८ जुलै २०२५ ची.

धूर पाहिजे असे आम्ही म्हणत नाही. कापसाचा तूस छातीत भरून ज्यांनी आयुष्यभर खोकला काढला, त्यांना शुद्ध हवेची किंमत कुणी शिकवू नये! तंदुराशी उभा राहणारा पोऱ्यादेखील तोच धूर आधी गिळतो. प्रश्न एवढाच, की खर्च कुणी सोसायचा? बड्या हॉटेलवाल्याला नवी शेगडी म्हणजे किरकोळ बाब. चार बाकड्यांच्या मालकाला नवा तंदूर आणि धंद्याचा सिलिंडर घ्यायचा तर तो रोटीचा भाव वाढवणार, नाहीतर शटर ओढणार. दोन्ही वेळा मरण जेवणाऱ्याचेच!

कुणी म्हणेल, भय्याचा धंदा, आपल्याला काय त्याचे? असे म्हणणाऱ्याने जरा आठवावे. गिरणीत साच्यावर आपल्या शेजारी तोही उभा होता. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा त्याचीही चूल थंड झाली. दुकानाची पाटी ठळक मराठीत हवीच. २०२२ पासून दहापेक्षा कमी नोकर असलेल्या दुकानालाही तो कायदा लागू आहे आणि २०२३ साली सुप्रीम कोर्टानेही दुकानदारांना दोन महिन्यांत पाट्या लावा म्हणून बजावले. तिथे तडजोड नाही! पण पाटीसाठी भांडणे वेगळे आणि गरिबाचे ताट उलथताना गंमत बघणे वेगळे. १ मे १९६० ला आपण जे राज्य मिळवले, ते घाम गाळणाऱ्याचे राज्य व्हावे म्हणूनच ना?

यावर उपाय नाही असे नाही. गिरणगावाने तो एकदा करून दाखवला आहे. खानावळवाल्या बाया महिनाभर उधारीवर कामगाराला जेवू घालीत आणि स्वतः सावकाराच्या व्याजात बुडत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना एकत्र केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. ज्यांना गहाण ठेवायला काही नव्हते, त्या बायांना बँकेने दारात उभे केले, ते संघटनेच्या जोरावर!

मग आमचे मागणे असे. एक, छोट्या खानावळींना गॅसचा किंवा विजेचा तंदूर घेण्यासाठी कमी व्याजाचे कर्ज द्या. दोन, कर्ज हाती येईपर्यंत त्यांना टाळे ठोकू नका. तीन, नोटिशीचा कागद मराठीत द्या आणि तो समजावून सांगा. आणि चौथे, गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर चढवताना जी धूळ उडते, तिचा हिशेब त्याच कडकपणाने मागा. रोटीवाल्यापुढे वाघ आणि बिल्डरपुढे मांजर, हा न्याय आम्हाला मान्य नाही!

घोडपदेवच्या लोकांनी भायखळ्याच्या ई वॉर्ड कचेरीत जथ्याने जावे. हॉटेलवाल्याला सोबत घ्यावे, जेवणाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. अर्ज मराठीत लिहावा, त्याला येत नसेल तर आपण लिहून द्यावा. हवाही स्वच्छ हवी आणि रोटीही परवडली पाहिजे. दोन्ही मागण्याचा आपला हक्क आहे.