पाळण्यातले पाय आणि पाच तारे

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असं आपण सहज म्हणतो. बारशाला म्हणतो, पहिलीच्या निकालाला म्हणतो. पण ते पाय बघण्याचा कुणी धंदा काढला, त्यांना नंबर दिले आणि तो नंबर देशभर जाहीर केला तर? अमेरिकेत बास्केटबॉलच्या बाबतीत नेमकं हेच चालतं, आणि २०२५ च्या जुलैत ते मी डोळ्यांनी पाहिलं.

झालं असं, की माझ्या धाकट्या नणंदेचं ऑपरेशन होतं. ती इंडियाना राज्यात राहते. घरात मदतीला कुणी हवं म्हणून मी दोन महिने गेले. बचत गटाचे हिशेब जावेकडे सोपवले आणि लोणच्याच्या बरण्या बॅगेत कोंबून निघाले. नणंदेची मुलगी, म्हणजे माझी भाची, सतरा वर्षांची. उंच, शिडशिडीत, शाळेच्या संघात खेळणारी. इंडियानात बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडच्या क्रिकेटसारखंच. घराघराच्या दारात जाळीची रिंग टांगलेली असते, आणि शाळेच्या सामन्यालाही गावच्या जत्रेसारखी गर्दी होते.

एका शनिवारी मी तिच्याबरोबर स्पर्धेला गेले. एकाच छताखाली आठ-दहा मैदानं, शिट्ट्यांचा गलका, आणि प्रत्येक मैदानाच्या कडेला खुर्च्या मांडून बसलेली माणसं. कुणाच्या शर्टावर या कॉलेजचं नाव, कुणाच्या त्या. हातात वही, चेहरा कोरा. मला वाटलं, पालक असतील. भाची हळूच म्हणाली, "मामी, ते कोच आहेत. त्यांच्याशी बोलायचं नाही. ते आमच्याशी बोलले तर नियम मोडतो." मला आपल्याकडचे मुलगी बघायचे कार्यक्रम आठवले. तिथे निदान दोन प्रश्न तरी विचारतात हो, इथे नुसतंच बघायचं आणि वहीत टिपायचं.

तर हा प्रकार आहे काय, ते आधी समजून घेऊ. अमेरिकेत कॉलेजचे खेळ हा फावल्या वेळचा उद्योग नाही, तो अवाढव्य व्यवसाय आहे. सगळ्यांत वरच्या गटात, ज्याला ते डिव्हिजन वन म्हणतात, साडेतीनशेहून जास्त कॉलेजं बास्केटबॉल खेळतात. त्यांना दरवर्षी नवी मुलं-मुली लागतात. शाळेचं शिक्षण बारावीपर्यंत. पण कॉलेजच्या प्रशिक्षकांना मुलांशी फोनवर, पत्रातून बोलायची मुभा दहावी संपल्यावर मिळते, आणि नजर तर त्याच्याही आधीपासून असते. एका संघात जागा साधारण पंधरा. शाळेत बास्केटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांमधला जेमतेम एक डिव्हिजन वनपर्यंत पोहोचतो.

मग एवढ्या मोठ्या देशात चांगला खेळाडू शोधायचा कसा? इथेच याद्या करणारे आले. रायव्हल्स, टूफोर्टीसेव्हन स्पोर्ट्स, ईएसपीएन अशा कंपन्या शाळकरी मुलांचे खेळ पाहून त्यांना तारे देतात. पाच तारे म्हणजे देशातला अगदी वरचा खेळाडू. चार म्हणजे उत्तम, तीन म्हणजे बरा. शिवाय देशात कितवा, राज्यात कितवा, त्याच्या जागी खेळणाऱ्यांत कितवा, असे नंबर वेगळे. ही यादी वर्षातून अनेकदा बदलते. कॉलेजचे चाहते पैसे भरून ती वाचतात. थोडक्यात, सोळा-सतरा वर्षांची मुलं कुणाला जास्त मिळाली यावर मोठमोठी माणसं तावातावाने भांडतात.

आता प्रश्न असा, की हे पाय बघणं खरं ठरतं का? प्रामाणिकपणे सांगायचं तर पुष्कळदा ठरतं. २०२० साली शाळा संपवणाऱ्या मुलींची ईएसपीएनची यादी बघा. पहिली पेज ब्युकर्स, दुसरी एंजल रीस, तिसरी कॅमेरॉन ब्रिंक, चौथी केटलिन क्लार्क. चौघींनीही पुढे नाव काढलं. मुलांमध्ये मेन राज्यातल्या छोट्या गावातून आलेला कूपर फ्लॅग पहिल्या नंबरचा मानला गेला होता. तो ड्यूक विद्यापीठात एक वर्ष खेळला आणि २०२५ मध्ये व्यावसायिक संघांनी निवड केली तेव्हाही पहिलाच ठरला.

पण त्याच यादीकडे जरा थांबून पाहा. चौथ्या क्रमांकाची केटलिन क्लार्क बड्या नावाच्या मागे न जाता आपल्याच राज्यातल्या आयोवा विद्यापीठात गेली. चार वर्षांत तिने ३९५१ गुण केले. डिव्हिजन वनमध्ये पुरुष असो वा बाई, इतके गुण तोवर कुणीच केले नव्हते. आणि पहिल्या क्रमांकाच्या पेजचा २०२२ च्या ऑगस्टमध्ये गुडघा गेला. अख्खा मोसम तिने बाकावर बसून काढला. २०२५ मध्ये तिने कनेटिकट विद्यापीठाला विजेतेपद मिळवून दिलं खरं, पण मधल्या त्या वर्षाचा अंदाज कुठल्या यादीत होता?

मुलांमधलं ठळक उदाहरण स्टीफन करीचं. आज नेमबाजीत त्याच्या तोडीचा खेळाडू शोधून सापडायचा नाही. शाळेत असताना तो किडकिडीत होता, बुटका वाटायचा. त्याचे वडील ज्या व्हर्जिनिया टेककडून खेळले, त्यांनीही त्याला शिष्यवृत्ती दिली नाही, नुसतं संघात येऊन बघ म्हणाले. तो डेव्हिडसन नावाच्या छोट्या कॉलेजात गेला. २००८ मध्ये त्या कॉलेजाला त्याने देशातल्या शेवटच्या आठांत नेलं, आणि २०१५ व २०१६ अशी सलग दोन वर्षं तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. याच्या उलट एमोनी बेट्स. पंधराव्या वर्षी एका नामांकित क्रीडा नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला, थेट मोठमोठ्या नावांच्या पंक्तीत बसवला गेला. २०२३ मध्ये त्याची निवड झाली ती एकोणपन्नासावी. तसं पाहिलं तर एकोणपन्नासावा म्हणजे काही कमी नव्हे. पण पंधराव्या वर्षी ज्याला आभाळ दाखवलं, त्याला तो डोंगरही टेकडीच वाटणार. यात त्या पोराचा काय दोष?

आता पैशाचं बघू, कारण खरी गोम तिथेच आहे. कॉलेजच्या खेळाडूने एक पैसाही घ्यायचा नाही, फक्त शिष्यवृत्ती घ्यायची, असा नियम वर्षानुवर्षं होता. कॉलेजं कोट्यवधी कमावत होती, प्रशिक्षक श्रीमंत होत होते आणि मुलं तेवढी निष्काम कर्मयोगी! मग व्हायचं तेच झालं. टेबलाखालून पाकिटं फिरू लागली. २०१७ च्या सप्टेंबरात एफबीआयने दहा जणांना अटक केली. त्यात चार सहायक प्रशिक्षक होते आणि एका बूट कंपनीचा अधिकारीसुद्धा. बूट कंपनी का, असं वाटेल. तर मुलांच्या उन्हाळी स्पर्धांना पैसा पुरवतात त्या याच कंपन्या. मूल लहानपणी आपला बूट घालून खेळलं तर उद्या मोठं होऊन आपलीच जाहिरात करेल, हा त्यांचा हिशेब.

१ जुलै २०२१ पासून मात्र खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर उघडपणे कमवायची परवानगी मिळाली. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर तर कॉलेजंच खेळाडूंना थेट वाटा देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी एका कॉलेजला सगळ्या खेळांचं मिळून सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. म्हणजे तारा आता नुसता मानाचा राहिला नाही, त्याला भाव आला. मी म्हणते, कष्टाचा पैसा उघडपणे मिळाला हे चांगलंच झालं. पण भाव आला की बाजार आला, आणि बाजारात उभं राहायचं वय सोळा वर्षांचं.

या सगळ्यात आणखी एक गंमत झाली आहे. पूर्वी कॉलेज बदललं तर बहुतेकांना एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०२१ मध्ये एकदा बदलायला सूट मिळाली, २०२४ पासून अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा. त्यामुळे प्रशिक्षक म्हणतात, शाळेतलं कोवळं पोर घेऊन घडवत कशाला बसायचं? दुसऱ्या कॉलेजात तीन वर्षं तयार झालेला खेळाडूच आणू. पाचतारांकित मुलांचं काही बिघडत नाही. मार खातात ती मधली, दोन-तीन ताऱ्यांची मुलं. त्यांच्या जागा कमी होत चालल्या आहेत.

आणि मुलींचं काय? आपल्या पुरवणीत हा प्रश्न यायलाच हवा. अमेरिकेत १९७२ मध्ये कायदा झाला, टायटल नाइन. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलगा-मुलगी भेद करायचा नाही. त्याआधीची गोष्ट टेनेसीच्या प्रशिक्षिका पॅट समिट यांची. त्यांच्या गावच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता, म्हणून त्यांच्या शेतकरी आईवडिलांनी चक्क घर शेजारच्या भागात हलवलं. भावांना खेळावर शिष्यवृत्ती मिळाली. पॅटची फी मात्र आईवडिलांनी भरली, कारण मुलींना शिष्यवृत्ती नव्हतीच. पुढे याच बाईंनी टेनेसीला आठ विजेतेपदं आणि १०९८ विजय मिळवून दिले.

त्यांचा एक किस्सा तर ऐकाच. १९९० च्या सप्टेंबरात दिवस भरत आलेले असताना पॅट विमानाने पेनसिल्व्हेनियात एका मुलीच्या घरी गेल्या, आमच्याकडे खेळायला ये म्हणून सांगायला. तिथेच कळा सुरू झाल्या. तशाच विमानात बसल्या, वाटेत उतरायला नकार दिला, मुलगा जन्मला तो टेनेसीत पोचल्यावरच. एवढं करून ती मुलगी, मिशेल मार्सिनिअॅक, गेली दुसऱ्याच विद्यापीठात! पण नंतर ती टेनेसीत आली आणि १९९६ चं विजेतेपद तिच्याच खेळाने आलं. खेळाडू हेरणं, घरी जाणं, आईवडिलांचा विश्वास मिळवणं, हे काम त्या बाई जिवावर उदार होऊन करत होत्या.

आज मुलींचा खेळ कुठे पोचलाय? २०२४ चा महिलांचा अंतिम सामना टीव्हीवर सरासरी सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. पुरुषांचा पाहिला १ कोटी ४८ लाखांनी. असं पहिल्यांदाच झालं. तरीही २०२५ च्या त्या तडजोडीत जुन्या खेळाडूंना जी भरपाई ठरली, तिचा फार मोठा वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलला जाणार म्हणून काही महिला खेळाडूंनी अपील केलं. पंगत मोठी झाली, पण वाढप्याचा हात कुठे सैल सुटतो हे बायकांना लगेच कळतं.

आता पुन्हा भाचीकडे येते. तिला एकही तारा नव्हता. बारावी सुरू व्हायच्या आधीचा हा शेवटचा उन्हाळा, कुणीतरी बघेल या आशेवर ती दर शनिवार-रविवारी खेळत होती. क्लबची फी, प्रवास, हॉटेल, खासगी शिकवणी. तो खर्च मी एकदा रुपयांत मोजला आणि पुन्हा मोजायचा नाही असं ठरवलं. एका रात्री पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात पोर गुडघ्याला बर्फ लावून बसलेली. म्हणाली, "मामी, आईला सांगू नकोस. दोनच स्पर्धा राहिल्यात."

मी सांगितलं. एरवी मुलींची गुपितं मी राखते, पण हे राखण्यातलं नव्हतं. नणंद आधी चिडली, मग रडली. म्हणाली, "वहिनी, एक वर्ष शाळा लांबवू या म्हणत होते मी. आणखी एक उन्हाळा मिळाला असता." तिकडे हेही सर्रास चालतं बरं. मूल वर्षभर मागे ठेवायचं, म्हणजे बरोबरीच्यांत ते थोराड दिसतं. मी म्हटलं, "तिचं वर्ष आहे, तुझं नाही. तिला विचारलंस का?"

मला त्या खेळातलं काही कळत नाही. पण बालवाडीपासून बारावीपर्यंतच्या मुली आणि त्यांच्या आया मी वीस वर्षं बघते आहे. आपल्या बोर्डाने गुणवत्ता यादी लावणं केव्हाच बंद केलं, तरी चौकातल्या फ्लेक्सवर क्लासवाल्यांनी ती जिवंत ठेवलीच ना? यादी वाईट नसते. शोधणाऱ्याला ती उपयोगाचीच असते. पण ती पाहणाऱ्याच्या सोयीसाठी केलेली असते, खेळणाऱ्याच्या भल्यासाठी नाही. हा फरक आईबापांनी विसरला की मूल गुडघा लपवायला लागतं.

त्या दोन स्पर्धा भाची खेळली नाही. डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली. त्याआधी एका छोट्या कॉलेजच्या प्रशिक्षिकेने तिला पाहिलं होतं. ते कॉलेज डिव्हिजन थ्रीचं. तिथे खेळावर शिष्यवृत्ती मिळत नाही, अभ्यासावर मिळते. त्या बाईंच्या पत्रात पहिला प्रश्न होता, गुडघा कसा आहे?

हा लेख लिहायला बसले आणि नणंदेचा फोन आला. भाचीने त्या कॉलेजला होकार कळवलाय. खेळणार आहे, आणि फिजिओथेरपीच्या दिशेने शिकणार आहे. मागून पोरीचा आवाज आला, "मामी, तिथे पहिल्या वर्षी मला बाकावरच बसवतील बहुतेक!"

म्हटलं, बस बाई. पण गुडघा दुखला तर पहिल्यांदा सांग.